टेबलातला भुंगा

मी एक जुना पंखा आहे. थांबा, वर छताकडे बघू नका! तो माझा लांबचा थोरला भाऊ. आळशी कुठला, संथ गरगरतो आणि माणसांना झोपा आणतो. मी तुमच्या तळहातात मावेन एवढाच. सात काळी पाती, मधोमध गोल चकती आणि मागे वायरींची एक शेंडी. सध्या माझा मुक्काम खेळण्यांच्या टोपलीत, एका पाय मोडलेल्या घोड्याशेजारी आहे. पण मित्रांनो, ही अवस्था बघून मला कमी लेखू नका हं. एके काळी मी कॉम्प्युटरच्या पोटात, थेट प्रोसेसरच्या डोक्यावर बसायचो. डोक्यावर!

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. बिस्किटाएवढा चपटा चौकोन, पण हुशारी विचारू नका. एकच खोड, भारी तापट! काम वाढलं की स्वारीचं डोकं तापलंच. म्हणून त्याच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो. डोक्यातली उष्णता ठोकळ्यात चढते आणि ठोकळ्यातली उष्णता वाऱ्यावर उडवून लावणे हे माझं काम. तो जितका तापेल तितका मी जोरात फिरणार, आणि जितका जोरात फिरणार तितका आवाज करणार. घूंऽऽ! यात माझा काही दोष आहे का? जिना चढताना तुम्ही धापा टाकता की नाही?

माझा जन्म एका मोठ्या, लख्ख उजेडाच्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला पहिल्यांदा वीज दिली आणि मी असा काही भिरभिरलो म्हणून सांगू! त्यांनी मला कानाशी धरलं, क्षणभर ऐकलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा गुणी आहे." ही मला मिळालेली पहिली शाबासकी. पुढची मिळायला फार वर्षं लागली, म्हणून ती अजून लक्षात आहे.

मग खोक्यात बंद होऊन, ट्रकमध्ये हादरे खात मी ज्या घरी आलो, तिथे खाली सोफे आणि गाद्या शिवायचं दुकान होतं आणि वर बिऱ्हाड. दुकानाच्या मागच्या खोलीत एक भक्कम लाकडी टेबल होतं. टेबलाच्या पोटात दार असलेला एक कप्पा होता. त्या कप्प्यात आमचा कॉम्प्युटर विराजमान झाला.

घरात माणसं तीन. बाबा दुकानाचे मालक आणि कारागीर. हातात दाभण, कानावर खडू, केसांत कापूस. त्यांनी शिवलेल्या आसनावर बसलेला पाहुणा लवकर उठत नाही असा लौकिक होता. आई म्हणजे त्यांच्या पत्नी. सारी नोकरी बालवर्गाला शिकवण्यात गेली आणि आवाज असा, की कोपऱ्यातलं रडणारं पोरही रडायचं विसरून ऐकत बसायचं. तिसरी सूनबाई. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, म्हणून ती सासूसासऱ्यांबरोबर राहायची आणि गिऱ्हाइकांना सोफ्याची चित्रं कॉम्प्युटरवर काढून दाखवायची. माहेरी शिवणयंत्रापासून मिक्सरपर्यंत सगळं हिनेच उघडून बघितलेलं. हातात स्क्रूड्रायव्हर आला की हिचे डोळे चमकत.

आमचे दिवस मजेत चालले होते. प्रोसेसर चित्रं काढायचा, मी वारा घालायचो. बाबा जाता-येता म्हणायचे, "काय गं, तुझा तो टेबलातला भुंगा आज जोरात आहे!" तेव्हापासून माझं नाव भुंगा पडलं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

आणि एके दिवशी आई डॉक्टरांकडून परत आल्या, त्या थेट मागच्या खोलीत येऊन बसल्या. त्यांच्या घशात गाठ होती. जिवाला धोका नव्हता, पण पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया करावी लागणार होती. नंतर आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. कदाचित घोगरा होईल, कदाचित कुजबुजण्याइतकाच उरेल. तोवर बोलणंही कमीत कमी करायचं होतं.

सूनबाईला तेव्हा सातवा महिना होता. तिच्या पोटाकडे बघत आई म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या पोरांना गोष्टी सांगण्यात जन्म गेला. आणि माझ्या नातवंडाची वेळ आली, तर आजीच मुकी!"

सूनबाईने डोळे पुसले, आईंचे आणि स्वतःचेही. मग ताडकन उठून म्हणाली, "मुकी कशी? अजून आठ दिवस आहेत ना हातात? आई, आपण तुमच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या! रोज एक. घसा दुखला की थांबायचं. बाळाला तुमचाच आवाज ऐकवणार मी, बघाच तुम्ही!"

काय सांगू मित्रांनो, घरात चैतन्य आलं! दुसऱ्याच दिवशी माइक आला. आई खुर्चीवर बसल्या, गोष्ट सुरू झाली. कॉम्प्युटरच्या पोटात मी आनंदाने फिरत होतो आणि शप्पथ सांगतो, गोष्ट ऐकता ऐकता दोनदा वेग विसरलो. गोष्ट संपल्यावर सूनबाईने हेडफोन कानाला लावले आणि नाक मुरडलं.

"आवाज मस्त आलाय, पण मागे सारखं घूं घूं ऐकू येतंय. हा भुंगा!"

मी वरमलो. बाबा मात्र खुलले. कालपासून आईंसाठी आपण काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं, आणि आता त्यांच्या हातचं काम निघालं होतं. "एवढंच ना? आवाज दाबायचाय? अगं, मग मी बसलोय कशाला!"

ते फोम घेऊन आले, रेक्झिन घेऊन आले. कप्प्याच्या चारी भिंतींना, दाराला, अगदी छतालासुद्धा त्यांनी जाड फोम लावला. वरून तपकिरी रेक्झिन. त्याला रेघेत बटणं. फोम असा बेताने कापला होता, की कॉम्प्युटरभोवती करंगळीसुद्धा शिरू नये. दार लावलं आणि बाहेर चिडीचूप! "वा, अहो, काय सुंदर झालंय!" आई म्हणाल्या. बाबा लाजले.

आत काय झालं ते कुणी विचारलं नाही. मी वारा ओढायला गेलो तर पुढे फोम. सोडायला गेलो तर मागे फोम. तोच शिळा, गरम वारा मी फिरफिरून प्रोसेसरच्या डोक्यावर घालत होतो. त्यात सूनबाईने मागचा आवाज पुसणारा एक प्रोग्राम चालू केलेला, म्हणजे प्रोसेसरला जादा काम. तो तापला. मी वेग वाढवला. तो आणखी तापला. मी जीव खाऊन ओरडू लागलो, "अहो, हवा द्या! कुणीतरी दार उघडा!"

दार उघडलं! बाबा आत डोकावले. "सूनबाई, भुंगा पुन्हा ऐकू यायला लागला गं. आणखी एक थर देतो." आणि त्यांनी आणखी एक थर दिला.

याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मी जितकं ओरडावं तितकी माझ्या तोंडावर गादी. मी पुन्हा ओरडलो, तर दाराच्या फटीला कापसाची गुंडाळी बसली. बाबांची माया आणि माझा गळा! तरीही रडतखडत आम्ही रोज एक गोष्ट पार पाडली. मग शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंना हॉस्पिटलात जायचं होतं, आणि त्यांची सगळ्यांत लाडकी गोष्ट त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. सोफ्यावरून पळून गेलेल्या बटणाची गोष्ट. ती त्यांनी स्वतः रचली होती, लग्न होऊन या घरी आल्यावर.

आईंनी सुरुवात केली. "एक होतं बटण. मोठं हट्टी. ते म्हणालं, मी काही इथे टोचून घेणार नाही..." गोष्ट रंगली, बटण जिन्यावरून टणाटण उड्या मारत खाली निघालं, आणि फट्! पडदा काळा. प्रोसेसर स्वतःला जळण्यापासून वाचवायला डोळे मिटून बसला होता. सांगितलेली गोष्ट जपून ठेवायच्या आधीच गेली.

"लाइट गेली का?" बाबांनी दिवा लावून बघितला. लाइट होती. त्यांनी प्लग हलवला, वायर हलवली, बटण बदललं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला खरा, पण घटकाभरात पुन्हा फट्.

सूनबाईने कप्प्यात हात घातला आणि चटकन मागे घेतला. "अगंबाई, हे तर तापलंय!" तिने कॉम्प्युटर सुरू होतानाच एक कळ दाबून आतलं तापमान दाखवणारा पडदा उघडला. आकडे भराभर चढत होते. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी. "बाबा, प्रोसेसरचं डोकं तापतंय. पंख्याचं काहीतरी बिघडलंय."

पंख्याचं! माझं! ऐकून मी उलटा फिरायचा बाकी राहिलो.

तिने प्लग काढला, कॉम्प्युटर कप्प्यातून ओढून जमिनीवर घेतला आणि बाजूचा पत्रा उघडला. खरं सांगतो, ती खो खो हसली. ठोकळ्याच्या पत्र्यांत कापसाची चक्क एक छोटी उशी तयार झाली होती. गादीवाल्याचं घर ना! तिने माझं एक पातं बोटाने धरून ठेवलं, म्हणजे फुंकरीने मी उगाच भिरभिरून मोडू नये, आणि फुंकर घालत मऊ ब्रशने सगळं झाडून काढलं. आहाहा! काय गुदगुल्या झाल्या! उघड्यावर कॉम्प्युटर सुरू केला तर तापमान एकदम खाली. टाळ्या पडल्या. बाबांनी लगेच तो पुन्हा मऊ मऊ कप्प्यात सरकवला आणि दार लावलं.

आईंनी गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून सांगितली. बटण जिन्याच्या तळाशी पोचलं, दाराबाहेर डोकावलं... फट्!

आता कुणी हसलं नाही. आईंनी घशाला हात लावला, पाणी प्यायल्या, आणि बोलल्या तेव्हा आवाज फाटला. "अगं, आता एकदाच जमेल मला. त्यापुढे नाही."

सूनबाई पुन्हा स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसली. "आई, तुम्ही एक अक्षर बोलू नका. आधी मी बघते, मगच." तिने प्लग काढला, कॉम्प्युटर बाहेर ओढला, मला उचलून बाजूला ठेवलं, खालचा ठोकळा काढला. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये पेस्टचा एक पातळ थर असतो, त्यातून उष्णता वर चढते. तो वाळून खडूसारखा झाला होता. "हं! सापडला चोर!" तिने स्पिरिटमध्ये कापूस बुडवून जुना थर पुसला, आपल्या डब्यातली नवी पेस्ट मसुराच्या दाण्याएवढी घेऊन मध्यभागी ठेवली, ठोकळा दाबून बसवला, मला वर बसवलं. उघड्यावर सुरू केलं. इतकं गार, की प्रोसेसर गुणगुणायला लागला!

"बघा, झालं!" म्हणत बाबांनी कप्प्यात सरकवलं. या वेळी सूनबाई पडद्याला डोळे लावून बसली. साठ. सत्तर. ऐंशी. तिने घाईघाईने बंद केलं आणि डोकं धरलं.

"बाहेर शहाण्यासारखा चालतो आणि आत गेला की तापतो. असं का करतोय हा?"

"मी सांगू?" बाबा म्हणाले. "बाहेरची गरमी आत जात असेल. आणखी एक थर देऊ का?"

मित्रांनो, मला हात असते तर मी ते जोडले असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चोर चारी बाजूंनी मला चिकटून बसला होता, तपकिरी रेक्झिन घालून, बटणं लावून, आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. पण बाबांनी तो इतक्या मायेने शिवला होता, की त्याच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातच येईना.

आई थकल्या होत्या. शेजारी एका गिऱ्हाइकाचं नवं कोरं, गुबगुबीत आसन पडलं होतं. त्यावर त्या मटकन बसल्या. आणि आसनातून आवाज आला, फुस्सऽऽऽ!

मग सूनबाईला हसू फुटलं. आई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, डॉक्टरांनी हसू नका म्हटलं होतं तरी. "अहो, काय शिवलंय तुम्ही हे! पाहुणे बसतील तिथे!"

"हसू नका," बाबा फुगले. "चांगल्या कामाची खूण आहे ती. मागे बघा, चार भोकं ठेवलीत, पितळी कडी बसवून. माणूस बसला की आतली हवा जायला नको का? रेक्झिन आहे ते, सगळीकडून बंद. वाट नाही ठेवली तर शिवण फाटेल. माझ्या वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलं मला, गादीलाही श्वास..."

बाबा थांबले.

त्यांनी आसनाकडे बघितलं. टेबलाच्या कप्प्याकडे बघितलं. पुन्हा आसनाकडे. सूनबाईचं हसू गेलं, तिचे डोळे मोठे झाले. "बाबा! याला कुठे ठेवलीत भोकं?"

"अरे देवा," बाबा म्हणाले आणि त्यांनी कपाळावर हात मारला, असा की खडू कानावरून उडाला. "जन्मभर प्रत्येक आसनाला भोकं ठेवली आणि या बिचाऱ्याला कोंडून मारतोय मी! आणि तो ओरडतोय, तर मी आणखी गादी कोंबतोय!"

कळलं! कळलं एकदाचं! मला नाचावंसं वाटलं, पण वीज बंद होती.

पुढचं दृश्य बघण्यासारखं होतं. बाबांनी धारदार सुरी घेतली आणि आपल्याच हातचे टाके सपासप कापायला सुरुवात केली. सूनबाई म्हणाली, "बाबा, इतकी सुंदर बटणं..." ते ओरडले, "बटणं गेली खड्ड्यात! पळून जाऊ देत सगळी!" फोमचे तुकडे उडाले, रेक्झिन टराटरा फाटलं, बटणं खोलीभर टणाटणा घरंगळली. मागची फळीसुद्धा त्यांनी उचकटून काढली. सूनबाईने कॉम्प्युटर सुरू केला, आणि मग आत वारा आला. ताजा, गार, खिडकीतला वारा! मी पोटभर ओढला आणि पोटभर सोडला. सूनबाईने पडदा बघितला. पंचेचाळीस. तिथेच थांबला.

"पण आता भुंगा ऐकू येणार," ती हळूच म्हणाली.

आई उठल्या, खुर्चीत सरळ बसल्या. "येऊ दे. अख्खा वर्ग कालवा करत असताना शिकवलंय मी. त्याला त्याचं काम करू दे, मी माझं करते. बाई, कर सुरू."

आणि त्यांनी सांगितली. काय सांगितली! बटण पळालं, जिना उतरलं, रस्ता बघून आलं, पावसात भिजलं, आणि शेवटी आपल्या जागी परत आलं, कारण तिथे बसणारी म्हातारी रोज त्याला बोटाने चाचपून बघायची आणि आता ते भोक चाचपून रडायची. आईंचा आवाज मध्ये मध्ये फाटत होता. मी मात्र एका लयीत फिरत राहिलो, एकदाही वेग चुकवला नाही. "...आणि बटण म्हणालं, मी आलो. संपली गोष्ट." सूनबाईने ताबडतोब गोष्ट जपून ठेवली. बाबा वाकले, कप्प्यात तोंड घातलं आणि म्हणाले, "शाबास रे भुंग्या." माझी दुसरी शाबासकी. मी आणखी काय सांगू?

शस्त्रक्रिया नीट झाली. आई घरी आल्या, पण त्यांचा आवाज आला नाही. जो आला तो वाळल्या पानासारखा, खरखरीत आणि बारीक. पुढे नात झाली. रोज संध्याकाळी सूनबाई तिला मांडीवर घेऊन आजीच्या गोष्टी लावायची. मागे मी, घूंऽऽ. जहाजावरून सुट्टीवर आलेल्या मुलाने एकदा सगळ्या गोष्टींतून माझा आवाज पुसून काढला. ती स्वच्छ गोष्ट ऐकून नातीने असं भोकाड पसरलं, की त्याने मुकाट्याने जुनीच लावली.

कालांतराने माझे मणके, म्हणजे आतली बेअरिंग, झिजले. सूनबाईने माझ्या जागी नवा पंखा बसवला आणि मला पुसून, "हा बघ तुझा भुंगा" म्हणत लेकीच्या खेळण्यांत ठेवलं. सूनबाई दर काही महिन्यांनी त्या नव्याची धूळ झाडते, आणि कप्प्याला आता दारही नाही. तुम्हीही, मित्रांनो, तुमच्या कॉम्प्युटरच्या नाकाशी उशी, पडदा, भिंत येऊ देऊ नका. आणि कुणी फार आवाज करायला लागलं, तर आधी गादी आणायला धावू नका. काय होतंय ते विचारा.

एवढं सगळं झालं तरी आई स्वतःहून नातीला गोष्ट सांगत नसत. "तिला माझा तो आवाज माहीत आहे," त्या सूनबाईला म्हणत. "हा ऐकून ती म्हणेल, ही कोण?" कॉम्प्युटर गोष्ट सांगायचा आणि आजी शेजारी नुसती बसून राहायची. ते बघून माझ्या झिजल्या मणक्यांतही कळ यायची.

काल संध्याकाळी वीज गेली. नात आता तीन वर्षांची आहे. "गोष्ट!" तिने फर्मान काढलं. "वीज आली की लावू," आई त्यांच्या खरखरीत आवाजात म्हणाल्या. नातीने आजीकडे बघितलं. मग टोपली उपडी केली, घोडा बाजूला फेकला आणि मला उचललं. आजीच्या मांडीवर चढली, एका हातात मला धरून दुसऱ्या बोटाने माझी पाती फिरवली आणि स्वतःच्या तोंडाने आवाज काढला, "घूंऽऽऽ!"

मग मान टेकवून म्हणाली, "हं. आता सांग."

आईंनी माझ्याकडे बघितलं, मग नातीकडे. नातीने मला पुन्हा फिरवलं.

"एक होतं बटण," आई म्हणाल्या.